मालवणी रॅप ऐकताना हसू का येतं? (एका नव्या मिक्सटेपच्या निमित्ताने)

सड्यावरचा
शनिवार, रात्री १०:२०

आधी कबुली देतो. वय ४६, राहणार कणकवलीजवळ, आणि मी रॅप ऐकतो. समोरचा माणूस बहुतेक तिसऱ्या गोष्टीवर अडतो. भाचा मुंबईत कॉलेजला असताना त्याच्यामुळे ही सवय लागली. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ साली आयपॅडवर केलेलं गाणं त्याने मला एसटीत एका कानात बोंडूक घालून ऐकवलं होतं. तेव्हापासून सुटलं नाही.

त्याच भाच्याने गेल्या आठवड्यात एक लिंक पाठवली. "मामा, मालवणचो पोरगो हा. ऐक आणि खरां सांग." नऊ गाणी, सत्तावीस मिनिटं, सगळं मालवणीत. पोराचं नाव इथे लिहीत नाही. तो दिवसा पर्यटकांच्या होडीवर असतो आणि घरी अजून हे प्रकरण कळलेलं नाही म्हणे.

तर खरं सांगतो.

नऊपैकी तीन गाणी फार चांगली, दोन बरी, बाकीची नसती तरी चाललं असतं. सुरुवात मासळीच्या लिलावाच्या आवाजाने होते. जेटीवर मोबाइल धरून रेकॉर्ड केलेलं कळतं, वारा फरफरतोय, पण त्यातूनच ठेका उचलला आहे. दुसऱ्या गाण्यात देवापुढे घालतात ते गाऱ्हाणं घातलंय, "व्हय महाराजा" वगैरे. मला ते आवडलं नाही. देवळातली गोष्ट मसाल्यासारखी भुरभुरवल्यासारखी वाटली. तिसऱ्यात एकदम 'गल्ली', 'भाई लोग', काळ्या काचांची गाडी. अरे, तुझ्या वाडीत गाडी वळायला जागा नाही, रिव्हर्स घेत मुख्य रस्त्यापर्यंत यावं लागतं! त्यावर गाणं केलं असतंस तर मी दहा वेळा ऐकलं असतं. चौथं प्रेमगीत, आवाजावर ऑटोट्यून, म्हणजे सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर, एवढं की पोरगा विहिरीत पडलाय असं वाटतं.

पण पाचवं. बापाच्या रापणीवरचं, म्हणजे किनाऱ्यावरून सगळे मिळून ओढतात त्या जाळ्यावरचं.

"रापण ओढली बापाशीन, वळ पडले हातार
आमी ओढतांव डेटा, रात सरली मोबायलार"

हे मी रात्री ओटीवर बसून ऐकलं आणि पुन्हा ऐकलं. सहावं कोकणात जमिनी घ्यायला येणाऱ्यांवर आहे. "येवा, आपलोच आसा म्हटलां, तर सातबारोच मागल्यानी." एवढी एक ओळ जमली तरी मिक्सटेप वसूल.

आता मूळ प्रश्न. सोमवारी ऑफिसात चहाच्या वेळी मी पाचवं गाणं लावलं. सगळे आमच्याच जिल्ह्यातले, सगळ्यांच्या घरी मालवणी बोलतात. "वळ पडले हातार" आलं आणि सगळे हसले. ओळ विनोदी नाही. बापाच्या हातावरचे वळ आहेत ते. मी विचारलं का हसलात, तर म्हणे, "असंच, मालवणीत ऐकायला मजा येते." तेव्हापासून डोक्यात बसलंय. आपल्याच भाषेत गंभीर काही ऐकलं की आपल्याला हसू का येतं?

कुरकुरीत बांगडा
शनिवार, रात्री १०:४१

तिसरीवर नाही, मी ४६ वर अडलो. फोटोत तिशीचे वाटता.

चिवला_किनारा
शनिवार, रात्री १०:५८

मी हे ऐकलंय. भाच्याला सांगा, पोराचं कौतुक पोचव.

तिसऱ्या गाण्याबद्दल सहमत, पण एक बाजू मांडतो. ह्या पोरांनी रॅप शिकलाय तो मुंबई-पुण्याच्या रॅपरांचं ऐकून. आणि २०१९ च्या त्या 'गली बॉय' सिनेमानंतर रॅप म्हणजे गल्लीच, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. चित्रकलेच्या परीक्षेत आमच्या वर्गात सगळे बर्फाचे डोंगर काढायचे तसंच हे. एकानेही बर्फ बघितला नव्हता.

आणि 'मिक्सटेप' का म्हटलंय ते बघा. ठेके त्याचे नाहीत. यूट्यूबवर तयार ठेके फुकट मिळतात, त्यावर शब्द टाकायचे. कमाई करायची नाही ही अट असते. जाहिराती लावून पैसे मिळवायला गेला की मूळ ठेकेवाला हक्क सांगणार. म्हणून अल्बम नाही, मिक्सटेप.

पुणेरी पाहुणा
शनिवार, रात्री ११:१५

भाबडा प्रश्न: अल्बम आणि मिक्सटेप यात नेमका फरक काय? आणि टेप कुठे आहे त्यात?

बेसवाला
शनिवार, रात्री ११:५०

@पुणेरी पाहुणा, टेप होती हो, खरीखुरी.

हिप-हॉपचा जन्म धरतात ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कमधला ब्राँक्स भाग. डीजे कूल हर्कने बहिणीसाठी इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी केली तो दिवस. नंतर अशा पार्ट्यांचं रेकॉर्डिंग कॅसेटवर करून हातोहात विकलं जायचं. नव्वदच्या दशकात डीजे लोक वेगवेगळ्या रॅपरांची न आलेली गाणी एका कॅसेटवर जोडून काढायला लागले. मग रॅपर स्वतःच दुसऱ्याच्या गाजलेल्या ठेक्यावर आपले शब्द टाकून मिक्सटेप काढू लागले. कंपनी नको, परवानगी नको. फिफ्टी सेंट हा रॅपर असाच वर आला. पुढे फुकट डाउनलोडचा जमाना आला. आणि २०१७ मध्ये चान्स द रॅपरला ग्रॅमी मिळालं ते पैसे देऊन विकत न मिळणाऱ्या, फक्त स्ट्रीमिंगवर असलेल्या मिक्सटेपला. आता फरक फक्त मनोवृत्तीचा उरलाय. अल्बम म्हणजे इस्त्रीचा शर्ट, मिक्सटेप म्हणजे घरातला बनियन.

धागाकर्त्याला प्रश्न: कशावर ऐकलंत? मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं असेल तर तुम्ही निम्मंच ऐकलंय. ह्या ठेक्यांचा बेस साधारण ४० ते ६० हर्ट्झला असतो. मोबाइलचा स्पीकर तिथवर उतरतच नाही. दुसरं गाणं हेडफोन लावून पुन्हा ऐका.

टाळकुटा
रविवार, सकाळी ६:३५

फुकट ठेक्यावर आपले शब्द, ह्यात नवीन काय? आमच्या भजनात आयुष्यभर तेच चाललंय. सिनेमातलं गाजलेलं गाणं आलं की पंधरा दिवसांत त्या चालीवर गौळण तयार. कुठल्या कंपनीने आमच्या बुवांवर अजून दावा लावलेला नाही.

आणि मिक्सटेपचं म्हणाल तर आम्ही कॅसेट भरून घ्यायचो. वहीच्या पानावर गाण्यांची यादी करून दुकानात द्यायची, साठची की नव्वदची ते सांगायचं, दोन दिवसांनी यायचं. दुकानदार शेवटी दोन मिनिटं उरली की स्वतःच्या आवडीचं गाणं अर्धवट भरायचा. त्या अर्धवट गाण्यांचा दुसरा अर्धा भाग मी अजून ऐकलेला नाही.

परळ_ते_राजापूर
रविवार, सकाळी ९:०२

सिंधुदुर्गवाल्यांनो, तुम्ही बोलायला लागलात की रत्नागिरी नकाशातून गायब होते. रॅप बॅटल आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालू आहे. शक्ती-तुरा! जाखडीचा सामना. मध्ये शाहीर आणि ढोलकीवाला बसलेले, भोवती घुंगरं बांधून पोरं गोल नाचतायत. एक पार्टी शक्तीची, एक तुऱ्याची. शक्ती मोठी की शिव, यावरून सवाल टाकायचा आणि समोरच्याने तिथल्या तिथे पदात उत्तर द्यायचं. पुराणातला असा एखादा खुट्टा शोधून काढायचा की समोरचा शाहीर गप्पच. आणि टोमणे असे की नाव न घेता माणूस सोलून काढतात.

माझे वडील गिरणीत होते. परळला दामोदर हॉलमध्ये सामना असला की दुसऱ्या दिवशी पहिली पाळी असली तरी जायचे. मला मांडीवर घेऊन. मी त्या ढोलकीवर झोपलोय अक्षरशः.

ह्या पोराला रॅप न्यूयॉर्कहून आणायची गरज काय होती? लांज्याला यायचं होतं, तिकीट स्वस्त पडलं असतं.

टाळकुटा
रविवार, सकाळी ९:२०

@परळ_ते_राजापूर, शक्ती-तुरा मोठाच. पण भजनाचा सामना, डबलबारी, विसरू नका! दोन बुवा समोरासमोर, दोन पखवाज, दोन पेट्या, रात्री दहा ते पहाट. पहिल्या बुवाने टोला हाणला की दुसऱ्या बुवाची बारी येईपर्यंत त्याच्या डोक्यात उत्तर शिजत असतं. तोवर हा शांतपणे पान लावतो, जणू ऐकलंच नाही. आणि आपली बारी आली की अभंगाच्या मध्येच असा काही घालतो की पब्लिक शिट्ट्या मारतं. देवाचं नाव घेऊन एकमेकांची उतरवणे ही आमची परंपरा.

कुरकुरीत बांगडा
रविवार, सकाळी ९:३३

रत्नागिरी विरुद्ध सिंधुदुर्ग सामना सुरू. मी चहा घेऊन येतो.

रापणवाला
रविवार, सकाळी ११:१०

मी गाणी आयकलंय. माका रॅप-बीप काय कळना नाय, पण रापणीचां कळता, म्हणान लिवतंय.

पाचव्या गाण्यात एक ओळ हा, दहा जणांनी रापण ओढली म्हणान. दहा माणसांत रापण येना नाय रे बाबा. होडी जाळां सोडीत गोल फिरान येता, मगे दोन्ही टोकां किनाऱ्यार, आणि दोन्ही बाजूक माणसां लागतत. तीस-चाळीस तरी होयीच. बायका-पोरां पण दोरयेक हात लावतत, आणि हात लावल्यान तेका वाटो. दहा जणांनी ओढली म्हणजे बाकीचे तीस जण खंय गेले? मुंबैक? तसां म्हणाचां आसात तर मगे ओळ लय भारी हा!

सातव्या गाण्यात तो जुलैत समुद्रात गेलो म्हणता. १ जून ते ३१ जुलै बंदी आसता. कोणतरी तेका सांगा.

चिवला_किनारा
रविवार, सकाळी ११:२८

बंदी यांत्रिक होड्यांना आहे ना? वल्ह्याच्या, बिनइंजिनाच्या होडीला नाही. आणि गाण्यात 'वल्ह्या'चा उल्लेख आहे. पोरगा वाचला.

रापणवाला
रविवार, सकाळी ११:४०

बरां. सोडलंय तेका.

पण एक सांगतंय, एलईडीवाल्यांचां त्याने घातल्यान तां बरां केल्यान. रातची मोठी लायट लावन मासळी गोळा करूची नाय म्हणान केंद्राची बंदी २०१७ पासून हा. पर्ससीनाक, म्हणजे मासळीचो थवो घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याक, राज्यान २०१६ साली सप्टेंबर ते डिसेंबर चार महिने दिल्यानी. कागदार सगळां हा. किनाऱ्यार उभ्या रवलास की रातचो समुद्र बाजार भरल्यासारखो दिसता. ह्यां बातमीत येता तेवां कोण वाचना नाय. गाण्यात इलां तर माझो झील आयकता आणि माका इचारता, "बाबा, पर्ससीन म्हणजे काय?" मासेमाराचो झील! तेका रॅपवाल्यान शिकवल्यान.

सोलकढी
रविवार, दुपारी ३:१५

दुपारची भांडी आवरून हेडफोन लावून सगळी नऊ ऐकली. माझी मतं क्रमाने नाहीत, सांभाळून घ्या.

चौथ्या गाण्यातली मुलगी फक्त चालते. समुद्रावरून चालते, जत्रेत चालते, पावसात चालते. तिला एक तरी वाक्य द्यायचं होतंस रे! आमच्याकडे गौरी-गणपतीत फुगड्या बघ. सासू, नणंद, दीर, कोणाला सोडत नाहीत बायका. एका बाजूने चिमटा काढायचा, दुसऱ्या बाजूने परतवायचा, आणि पायाखालची फुगडी थांबता कामा नये. दम कुठे घ्यायचा हे ह्या पोराला शिकायचं असेल तर आमच्या वाडीतल्या सत्तरीच्या काकींकडे पाठवा. तिसऱ्या गाण्यात त्याला दम पुरत नाही, दोनदा तोडून जोडलेलं स्पष्ट ऐकू येतं.

शिव्यांबद्दल अजून कोणी बोललं नाही म्हणून मीच बोलते. मला त्रास झाला नाही. मालवणीत शिवी वाक्याला फोडणीसारखी असते. माझे सासरे लाडक्या बैलाला ज्या नावाने हाक मारायचे ते इथे लिहिलं तर प्रशासक मला काढून टाकतील. पण तिसऱ्या गाण्यातल्या शिव्या मालवणी नाहीत, मुंबईच्या हिंदी शिव्या आहेत. त्या कानाला खुपतात. शिवी तरी घरची वापर!

शेवटच्या गाण्याच्या शेवटी जे आहे ते कोणीच लिहिलं नाही? गाणं संपतं, दोन सेकंद शांतता, आणि मागून आईचा आवाज येतो: "रे, पंप बंद कर, टाकी भरान व्हावता!" खोलीत गोधड्या टांगून रेकॉर्डिंग करत असणार बिचारा. त्याने ते कापलं नाही. मी मोठ्याने हसले आणि मग डोळ्यांत पाणी आलं. का ते माहीत नाही.

प्रशासक
रविवार, दुपारी ३:४०

बैलाचं नाव लिहू नये. बाकी धागा उत्तम चालला आहे.

पुणेरी पाहुणा
रविवार, संध्याकाळी ५:०५

ऐकलं. कबूल करतो, मीही हसलो. आणि पाचव्याच गाण्याला. निम्मं कळलं नव्हतं तरी हसलो, म्हणजे कारण शब्दांत नव्हतं. मालवणी मी आजवर ऐकली ती नाटकात नाही तर टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात. कानावर मालवणी पडली की चेहरा आपोआप तयार होतो. धागाकर्त्याच्या प्रश्नाचं निदान पुण्यापुरतं उत्तर हे असावं. 'वस्त्रहरण'चा दोष म्हणायचा का हा?

गुडघाभर पाणी
रविवार, संध्याकाळी ७:३०

दोष कसला. गंगाराम गवाणकरांचं ते नाटक १९८० साली मच्छिंद्र कांबळींनी उभं केलं आणि पाच हजारांवर प्रयोग झाले. त्याआधी मुंबईत आपली माणसं लोकलमध्ये मालवणी बोलायला लाजत होती. माझा मोठा काका चाळीत शेजाऱ्यांसमोर 'शुद्ध' बोलायचा आणि दार लावल्यावर मालवणी. नाटकानंतर दार उघडं ठेवून बोलायला लागला. हे उपकार विसरू नका.

पण आपल्या कानाला ही सवय नाटकाच्याही आधीची आहे. दशावतार आठवा. राजा कुठली भाषा बोलतो? "प्रधानजी, राज्यातील प्रजा सुखी आहे ना?" देव, राजा, ऋषी, सगळे पुस्तकी मराठीत. संहिता नसते, सगळं उत्स्फूर्त, तरी राजाच्या तोंडून एक मालवणी शब्द निसटत नाही. मालवणी कोण बोलतो? संकासूर. हरकाम्या नोकर. ज्याच्यावर हसायचं तो. रात्र रात्र शेणाने सारवलेल्या खळ्यात बसून आपण हेच शिकलो: मुकुट असेल तर प्रमाण मराठी, नसेल तर मालवणी. मग एखादा पोरगा मुकुट न घालता गंभीर बोलायला लागला की आपण संकासूर आला म्हणून हसतो.

परळ_ते_राजापूर
रविवार, रात्री ८:१०

हे पटलं. आमच्याकडच्या नमन या लोकनाट्यातही कृष्ण पुस्तकी आणि मावशी गावठी. अवांतर: त्या मावशीला बघायलाच आम्ही जायचो, कृष्णाला कोण विचारतो.

बेसवाला
रविवार, रात्री ८:४५

ऑटोट्यूनवाल्या मुद्द्यावर थोडं पोराच्या बाजूने. ऑटोट्यून १९९७ मध्ये आलं. ज्याने बनवलं तो आधी तेल शोधण्यासाठी जमिनीखालच्या लहरींचं गणित करायचा, तेच गणित आवाजाला लावलं. चूक लपवायला म्हणून केलेली वस्तू लोकांनी मुद्दाम जोरात वापरायला घेतली. ८०८ या ड्रम मशीनचंही तेच. १९८० मध्ये आलं, खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून खपलं नाही, १९८३ मध्ये कंपनीने बंद केलं. जुनी मशीनं स्वस्तात विकली गेली आणि पैसे नसलेल्या पोरांच्या हाती लागली. आज तोच 'खोटा' आवाज गणपतीच्या मिरवणुकीपासून सिनेमापर्यंत सगळीकडे.

तेव्हा ऑटोट्यून वाईट नाही. चौथं गाणं वाईट आहे. दोन्ही वेगळ्या गोष्टी.

सोलकढी
रविवार, रात्री ९:५०

@गुडघाभर पाणी, दशावताराचं बरोबर आहे, पण एवढ्यावर थांबू नका. मालवणी ऐकून आपण हसत नाही अशाही जागा आहेत की.

माझी आजी गेली तेव्हा आई रडली ती मालवणीत. माझी आई शिक्षिका, वर्गात कडक प्रमाण मराठी, आम्हा मुलांशीही तेच. आजीच्या पायाशी बसून मात्र "माका टाकून खंय गेलंस गे" असं ती जे काही बोलत होती ते मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकत होते. घर भरलेलं होतं. कोणाला हसू आलं नाही.

आणि दुसरी जागा गाऱ्हाणं. "बारा पाचाच्या देवा महाराजा", इथून सुरू झालं की अंगणातलं लहान पोरसुद्धा गप्प उभं राहतं. नारळ ठेवलेला, हात जोडलेले, आणि गावकार देवाशी चक्क मालवणीत बोलतोय. संस्कृत नाही, पुस्तकी नाही. "खंय चुकला-माकला आसात तां पोटात घाल." सगळे मिळून "व्हय महाराजा". हसता का तिथे? म्हणजे कान तयार आहे. फक्त वेगळ्या दारातून आत यावं लागतं.

म्हणून मला दुसरं गाणं पटलं. पोरगा बरोबर दारातून आलाय.

टाळकुटा
रविवार, रात्री १०:१५

वहिनी, काय बोललात!

वादकाच्या बाजूने एवढंच जोडतो. दुसऱ्या गाण्यात 'व्हय महाराजा' समेवर पडतं. तो ओळ संपवतो समेच्या जरा आधी, मोकळी जागा ठेवतो आणि त्या जागेत माणसांचा आवाज. आमचा भजनी ठेका आठ मात्रांचा, त्यांचं चार-चारचं मोजमाप, त्यामुळे बसतं छान. मी सकाळी पखवाज घेऊन त्यावर वाजवून बघितलं. बायको म्हणाली, गणपती अजून लांब आहेत.

पण आक्षेप आहे. शेवटच्या गाऱ्हाण्यात तो देवाकडे मागतो काय, तर 'व्ह्यूज'. गाऱ्हाण्यात मागायचं ते गावासाठी, सगळ्या लेकराबाळांसाठी. स्वतःच्या व्ह्यूजसाठी नारळ ठेवत नाहीत.

कुरकुरीत बांगडा
रविवार, रात्री १०:२२

दहावीच्या मार्कांसाठी माझ्या आईने ठेवला होता. देवाने व्हय म्हटलं नाही.

चिवला_किनारा
रविवार, रात्री १०:४०

@टाळकुटा, ती ओळ उपहासाने आहे असं मला वाटतं. आधीच्या कडव्यात तो रील काढणाऱ्यांची चेष्टा करतो ना, "स्वर्ग स्वर्ग" करत फिरणाऱ्यांची. त्यांच्या तोंडचं गाऱ्हाणं आहे ते.

टाळकुटा
रविवार, रात्री १०:४४

मग आवाज बदलायला हवा होता. डबलबारीत दुसऱ्याची नक्कल करताना बुवा आधी गळा साफ करतात, तेव्हा पब्लिकला कळतं.

सड्यावरचा
सोमवार, रात्री ९:३०

दिवसभर इथलं वाचत होतो, कामात लक्ष नव्हतं.

@बेसवाला यांनी सांगितलं म्हणून दुसरं गाणं भाच्याचे जुने हेडफोन लावून ऐकलं. होय, मोबाइलवर जे पोकळ वाटत होतं त्याच्या खाली मोठं काहीतरी चालू आहे. आमच्या गावच्या शिमग्यात ढोल लांबून येतो तेव्हा आधी कानाला नाही, छातीला कळतो, तसं. मसाला भुरभुरलाय हे माझं म्हणणं अर्धं मागे घेतो. अर्धं ठेवतो, कारण व्ह्यूजच्या ओळीबाबत मी टाळकुट्यांच्या बाजूचा आहे. उपहास असेल तर तो कळायला हवा.

तिसऱ्या आणि चौथ्या गाण्याबद्दलचं मत तसंच आहे. @सोलकढी यांची 'फक्त चालते' ही टिप्पणी भाच्याला पाठवली, त्याने ती पुढे पाठवली.

आज ऑफिसात पुन्हा प्रयोग केला. आधी दुसरं लावलं, काही न सांगता. 'व्हय महाराजा' आलं तेव्हा शिपाईकाका चहाची किटली हातात धरून तसेच उभे राहिले. मग लगेच पाचवं लावलं. वळांच्या ओळीला दोघे हसले, आमचे हेडक्लार्क हसले नाहीत. त्यांचे वडील रापणीवर होते हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं. म्हणाले, "वळ दिसत नाहीत नंतर, पण मूठ पुरी मिटत नाही." आणि फाइल घेऊन गेले.

रापणवाला
सोमवार, रात्री ९:५२

खरां हा तां. माझ्या बापाशीची पण मिटा नाय होती. जेवताना घास धरूक जमा, पण सुतळीची गाठ माराक आमका हाक मारी.

पुणेरी पाहुणा
सोमवार, रात्री १०:३०

पाचवं पुन्हा ऐकलं. ह्या वेळी हसलो नाही. 'मोबायलार' म्हणजे मोबाइलवर, हे कळायला मात्र धाग्याची मदत लागली. मी तो शब्द एखाद्या गावाचं नाव समजत होतो.

सड्यावरचा
मंगळवार, दुपारी १:१०

ताजी खबर. पोराच्या घरी कळलं. बहिणीने आईला ऐकवलं. भाच्याकडून आलेला वृत्तान्त असा: आईने नऊच्या नऊ गाणी पदर तोंडाला लावून ऐकली. शिव्यांबद्दल काही बोलली नाही. रापणीच्या गाण्याला उठून आत गेली, परत आली. शेवटी स्वतःचा आवाज आला तेव्हा मात्र भडकली. "सगळ्या गावाक सांगितलंस आमची टाकी व्हावता म्हणान? पाणी जपून वापरा म्हणान मी शेजारणीक सांगतंय, आता मी तेका काय तोंड दाखवू?"

शेवट कापायचा का, असा पोराचा प्रश्न आहे. भाच्याने इथे विचारायला सांगितलंय.

सोलकढी
मंगळवार, दुपारी १:१४

अजिबात कापायचं नाही.

बेसवाला
मंगळवार, दुपारी १:२०

कापू नको. हवं तर तिसरं गाणं काप.

टाळकुटा
मंगळवार, दुपारी १:३३

आईला विचारून ठेव. तिचा आवाज आहे, तिची परवानगी घे. आणि पुढच्या वेळी यूट्यूबचा ठेका नको, पखवाज मी देतो, पैसे नकोत. लय किती ठेवणार ते मात्र आधी कळव, मला आता पहाटे उठून सराव करता येत नाही, घरून विरोध आहे.

परळ_ते_राजापूर
मंगळवार, दुपारी १:४०

आणि ढोलकी लांज्याहून!

कुरकुरीत बांगडा
मंगळवार, दुपारी २:०५

पंप बंद केला का पण शेवटी?

नवीन_सदस्य_७३
मंगळवार, रात्री ११:४८

सर्व प्रतिसाद वाचले. लिंक मिळेल का?